ताटावर आडवा हात

आई, आज दुपारी जेवताना तुझा एक नियम मी मोडला. मोडला तो मोडला, वर मला त्याचा आनंदही झालाय, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही म्हणून तुलाच सांगायला बसलोय. घरात सामसूम आहे. रविवारचं मटण जेवून कोल्हापुरात दुपारी कोण जागं राहतं? तुझी सून आतल्या खोलीत लेकीला कुशीत घेऊन आडवी झालीय, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितोय. सून म्हटल्यावर तुला नवल वाटेल. तुला जाऊन आता वीस वर्षं होत आली. तुला वाटत होतं की माझ्यासारख्या तिरसट पोराला कुणी पोरगी देणार नाही. दिली. बँकेत नोकरीला आहे, माझ्यापेक्षा जास्त मिळवते आणि माझ्यापेक्षा कमी बोलते.

नात साडेचार वर्षांची आहे. नाक तुझं आहे, आणि नाकावरचा रागही तुझाच. जन्माच्या वेळी तिला पहिला श्वास घ्यायला उशीर झाला, मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि तेव्हापासून मान, हात, पाय, जीभ तिचं ऐकत नाहीत. अंग ताठ होतं. मूठ वळलेली राहते, अंगठा आत. बोलता येत नाही, चालता येत नाही. कळतं मात्र सगळं. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक पहिलं तेच विसरतात आणि तिच्यासमोरच मला विचारतात, हिला काय कळतं का हो? मी म्हणतो, तुमच्यापेक्षा जास्त. त्यामुळं नात्यागोत्यात आमचं येणंजाणं थोडं कमी झालंय. तुझी सून म्हणते, बरंच झालं, चहाचं दूध वाचलं.

तुझी शाहूपुरीतली खानावळ आता नाही. तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. तुझ्यामागं ती मला झेपली नाही, मी मोटर रिवायंडिंग शिकलो आणि त्याच भागात छोटं दुकान टाकलं. पण त्या कव्हरांच्या दुकानावरून जाताना मला अजून तुझ्या भाकरीचा थापथाप आवाज येतो, आणि दहा वर्षांचा मी हातात रश्श्याची बादली घेऊन उभा असतो. दुपारची गर्दी आहे. गुळाच्या बाजारातले हमाल, ट्रकवाले, दुकानातले दिवाणजी, सगळे एका ओळीत बसलेत. तू चुलीपाशी आहेस, पण तुझं लक्ष ओळीवर आहे. एक हमाल मान वर करून म्हणतो, बाळ, भाकरी आण जरा. भाकरी मी नेऊन देतो, आणि मागं वळतो तर तू पिठाच्या हातानं माझा कान धरलायस. खानावळीमागच्या परड्यात नेऊन तू मला जे सांगितलंस ते शब्द न् शब्द आठवतं.

"त्येला मागाया लावलंस व्हय? ताटाकडं बघायचं. ताट बोलतंय. मागणाऱ्याची मान खाली जाती, आणि माझ्या खानावळीत कुणाची मान खाली जायाची न्हाय."

कानाला लागलेलं पीठ मी दिवसभर पुसलं नाही, रागानं. पण त्या दिवसापासून मी ताटं वाचायला शिकलो. भाकरीचा शेवटचा चतकोर राहिला की दुसरी पडली पाहिजे. वाटी कलली की रस्सा. लिंबाची फोड चोळामोळा झाली की दुसरी फोड. माणसाच्या तोंडून शब्द निघायच्या आधी वस्तू त्याच्या पुढ्यात. पुढं पुढं मी त्यात इतका तयार झालो की गिऱ्हाईकं हसायची, म्हणायची, पोरगं मनातलं ओळखतंय. त्या दिवशी माझ्या ताटात मटणाची नळी जास्तीची असायची.

हा नियम कुठून आला ते तू एकदाच सांगितलंस. बाबा गेल्यावर मला काखेत घेऊन तू गडमुडशिंगीला मामाकडं राहिलीस, त्या दिवसांबद्दल. मामी वाईट नव्हती असं तू आधी सांगितलंस. ती फक्त बघायची नाही. पहिली भाकरी वाढून ती आपल्या कामाला लागायची, आणि दुसरी तुला मागून घ्यावी लागायची. "मागितली की मिळायची रं," तू म्हणालीस, "पर घास खाली उतरायचा न्हाय." खानावळ काढलीस ती त्या घासापायी, असं मला नेहमी वाटत आलंय.

तुझा दुसरा नियम पळीचा. पातेल्यातून पळीत घेतलेलं परत पातेल्यात जायचं नाही. ज्याच्यासाठी काढलं, त्याचंच. मग समोरच्यानं ताटावर हात आडवा धरला तरी तू ऐकायची नाहीस. ओळीतल्या जुन्या गिऱ्हाइकांबरोबर तर तो खेळच होता. ते ताटावर हात आडवा धरायचे, तू पळी डावीकडं न्यायचीस, ते हात डावीकडं सरकवायचे, तू झटकन उजवीकडून भात पाडून मोकळी व्हायचीस. एवढ्यानं काय हुतंय, घ्या की पावणं. अख्खी ओळ हसायची. तुझ्या पळीपुढं कुणाचा हात टिकलेला मी पाहिला नाही.

आता नातीकडं येतो. राजारामपुरीत एका इमारतीच्या तळमजल्यावर थेरपीचं सेंटर आहे, वर कोचिंग क्लास. क्लासची पोरं चाकाच्या खुर्चीच्या उतारावरच गाड्या लावतात, आणि त्या पोरांशी माझं दर फेरीला भांडण होतं. आठवड्यातून तीनदा दुकानाचं शटर अर्धं ओढून मी लेकीला तिथं नेतो. तिथली थेरपीवाली मॅडम तुझ्या माहेरची, गडमुडशिंगीची. वयानं लहान, मोपेडवरून येते, आवाज असा की वरच्या क्लासला ऐकू जावा. सुरुवातीची दोन वर्षं मला त्या सगळ्याचा काही अर्थच लागत नव्हता. जळलेली मोटर माझ्याकडं सकाळी आली तर संध्याकाळी नवी तार भरून मी ती चालू करून देतो. मला वाटलं पोरीचंही तसंच असेल, उशिरानं का होईना एका दिवशी चालू होईल. तसं काही होत नाही. मोठ्या चेंडूवर पालथं घालायचं आणि मान उचलायची वाट बघायची. टॉवेलची गुंडाळी काखेखाली द्यायची. पट्ट्यांनी बांधून उभं करायचं, पाय थरथरतात, ती रडते, मी बाहेर जाऊन उभा राहतो, आणि मॅडम मला हाक मारून परत आत घेते. कुणी विचारलं, फरक आहे का, की माझं डोकं फिरायचं. फरक होता, पण तो सांगण्यासारखा नव्हता. मान आधी पडायची, मग डुलायला लागली, मग एक दिवस चेंडूवरून तिनं ती उचलली आणि भिंतीवरच्या पोपटाच्या चित्राकडं बघत राहिली. मी तो पोपट नंतर मॅडमकडून मागून घेतला. आमच्या फ्रिजवर आहे.

हाताचं काम तुझ्यामुळं सोपं गेलं. मूठ उघडावी, तळवा सपाट पडावा, त्यावर वजन यावं, यासाठी मॅडमनं घरी पिठाचा गोळा दाबायला द्या म्हणून सांगितलं. मी तुझी काठवट माळ्यावरून काढली, ज्वारीचं पीठ मळलं आणि लेकीला मांडीवर घेऊन तिच्या हातावर माझा हात ठेवून भाकरी थापायला बसलो. पहिले कित्येक महिने तिच्या मुठीचा ठसाच उमटायचा. मग बोटं उमटायला लागली. भाकरीला नकाशाचा आकार यायचा आणि तुझी सून ती तव्यावर टाकून मुकाट्यानं डब्यात बँकेत न्यायची. आता सांगायचं तर थापताना लेकीचा तळवा पूर्ण उघडतो, अंगठ्यासकट. हे तुझ्या काठवटीचं काम, आणि हे मी मॅडमलाही सांगितलंय.

पण बोलण्याचं काम अडलं, आणि ते माझ्यामुळं अडलं. म्हणजे तुझ्यामुळंच, पण तू नाहीस, म्हणून शिव्या मला. झालं असं की शब्द येवोत न येवोत, खूण, नजर, हात, कशानंही आपल्याला काय हवं ते तिनं सांगायला शिकावं, असं मॅडमचं चाललेलं. सेंटरवर ती थोडंफार करायची. घरी काहीच नाही. मी मात्र अभिमानानं सांगत होतो, आमची पोर फार शहाणी, कधी काही मागत नाही, कधी रडत नाही. मग एकदा मॅडमनं मला तिला सेंटरवरच भरवायला लावलं आणि शेजारी हाताची घडी घालून बसली. मी भरवलं. घास, पाणी, तोंड पुसणं, परत घास. तिनं ओठ हलवायच्या आत चमचा तिथं, तिची नजर पेल्याकडं वळायच्या आत पेला वर. माझं मलाच बरं वाटलं, हात अजून चालतो म्हणून. डबा संपल्यावर मॅडम म्हणाली,

"दादा, वाढपी तुम्ही लई हुशार हाय. पण पोरगी बोलंल कशाला? तिच्यावर बोलायची पाळीच तुम्ही येऊ देत न्हाय. उद्या शाळेत जाईल, तिथं तिचं ताट कोण वाचणार हाय? आणि तुमच्या माघारी?"

मी डबा पिशवीत घातला आणि रिक्षात बसलो. मला मॅडमचा राग आला होता आणि ती खरं बोलली याचा त्याहून जास्त आला होता. शाळेचं मी मनातून टाळतच आलो होतो. मी आहे की, असंच मला वाटायचं. मी आहे तोपर्यंत माझ्या पोरीला कुणापुढं तोंड वेंगाडायला लागणार नाही. आणि मॅडम सांगत होती, तिला मागायला लाव. भूक लागली असताना, ताट समोर असताना, बापानं हात आवरून बसायचं आणि साडेचार वर्षांच्या पोरीची वाट बघायची. आई, तुला हे सांगताना आत्तासुद्धा माझा कान गरम होतोय.

करून बघितलं. वाटी तिच्या खुर्चीच्या फळीवर, हाताला लागेल न लागेल अशी ठेवायची आणि गप्प बसायचं. मला गप्प बसता येतं, हात गप्प बसत नाही. शेवटी मी उजवा हात मांडीखाली दाबून त्यावर बसायला लागलो. तुझी सून हसली. म्हणाली, नवऱ्याला पण थेरपी लागली. पहिल्या दिवशी पोर नुसती बघत राहिली, हा का देत नाही म्हणून, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाटी उचलली आणि भरवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तेच. त्यावरून आमचं नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, उपाशी ठेवून शिकवायची ही कुठली रीत. ती म्हणाली, उपाशी कुठं ठेवतोय, पाच मिनिटं थांबतोय, आणि ही पाच मिनिटं तुम्हाला सोसत नाहीत, तिला सोसतात. त्यानंतर काही दिवस रात्रीच्या जेवणाच्या वेळी मला दुकानात पाठवायचं ठरलं. वाढप्याला पंगतीतून हाकललं. मी शटर उघडून रिकामाच बसायचो.

पंगतीत परत आलो तो एका बुधवारी रात्री. पांढरा रस्सा होता, खोबऱ्याचा, तुझ्यासारखा जमत नाही पण पोरीचा जीव आहे त्यावर. भाताची वाटी फळीवर ठेवली, हात मांडीखाली. तिची मान खाली होती. भूक लागली की अंग ताठ होतं आणि मान छातीकडं ओढली जाते. मग मी पाहिलं, ती मान वर आणतेय. थोडी येते, पडते, परत येते. वाटी हवी हे मला दाखवायचं, तर आधी माझ्याकडं बघावं लागणार, आणि माझ्याकडं बघायचं तर मान वर करण्यावाचून तिला दुसरी वाटच नाही. चेहरा लाल झाला. मान आली. तिनं माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि दंड सरकवत सरकवत हाताची उलटी बाजू वाटीला नेऊन आपटली. मला काही दिसेना, डोळे भरले होते. आतून तुझी सून म्हणाली, रडताय कशाला, वाढा की.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतोय. तू म्हणायचीस, मागणाऱ्याची मान खाली जाते. तुझी गेली होती, ते खोटं नाही. मामीच्या दारात तुला दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. पण माझ्या पोरीला मागण्यासाठी मान वर करावी लागते, आई. वर केल्याशिवाय तिला मागताच येत नाही. हे मी तुला त्या परड्यात उभं राहून कधी सांगू शकलो नसतो, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आता ती वाटीला हात लावते, पेल्याला लावते, पंख्याकडं बघून माझ्याकडं बघते. परवा तिनं काहीतरी मागितलं ते आम्हाला दोघांनाही कळेना, आणि ती अशी चिडली की खुर्ची हलली. मला फार बरं वाटलं. जूनमध्ये तिला जवळच्या बालवाडीत अर्धा दिवस घेणार आहेत. बाईंना मी सांगितलंय, काही देऊ नका, थांबा, ती सांगते.

आता आजचं. मटण शिजलं होतं, पोरीसाठी पांढरा रस्सा आणि मऊ भात. ताट तिच्या फळीवर. एकदा वाढलं, तिनं खाल्लं. ताटाला हात लावून मागितलं, परत वाढलं, परत खाल्लं. मग तुझी सून मला सुक्क्या मटणाचं काहीतरी विचारत होती आणि मी तिच्याशी बोलत बोलत, सवयीनं, पातेल्यातून पळी भरून घेतली आणि पोरीच्या ताटाकडं नेली. कुणी मागितलं नव्हतं. ताट रिकामं दिसलं, हात चालला, एवढंच. आणि पळी ताटावर पोचायच्या आत तिचा हात आला. फळीवरून घासत आला आणि ताटावर आडवा पडला. मूठ नव्हती. तळवा होता, उघडा, सपाट, अंगठा बाहेर, काठवटीत पडतो तसा.

मला वाटलं, चुकून पडला असेल. तिचे हात असे कुठंही जातात. म्हणून मी पळी डावीकडं नेली. थोडा वेळ गेला, आणि हात डावीकडं सरकला. मी उजवीकडं नेली. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि हात उजवीकडं आणायला लागली. आई, तो खेळ तिला कुणी शिकवलेला नाही. मी तिला खानावळीतलं कधी काही सांगितलेलं नाही. हात उजवीकडं यायला वेळ लागत होता, तेवढ्यात शंभर वेळा भात पाडता आला असता. तू पाडला असतास. एवढ्यानं काय हुतंय म्हणत, हसत, मायेनं पाडला असतास. मी थांबलो. तिचा हात उजवीकडं येऊन ताटावर नीट पडेपर्यंत थांबलो, आणि मग पळीतला भात परत पातेल्यात टाकला. तुझी सून बघत होती. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. भात पातेल्यात गेला, एवढंच तिनं पाहिलं.

तू असायला हवी होतीस असं मी या साडेचार वर्षांत रोज म्हणत आलो. तिला मांडीवर घेतलं असतंस, ताठ झालेले पाय तेल लावून मोकळे केले असतेस, आणि बोलणाऱ्यांची तोंडं माझ्यापेक्षा चांगली बंद केली असतीस. पण आज भात पातेल्यात टाकताना पहिल्यांदा वाटून गेलं की तू नाहीस ते एका परीनं बरं झालं. तू तिला नको म्हणू दिलं नसतंस. हे मनात आलं, म्हणून ते इथं लिहून टाकलं. हा कागद कुठं धाडायचा नाही, तर खरं ते लिहायला काय हरकत आहे.

आणि अजून एक. मी थांबलो असं वर लिहिलंय, ते तेवढंसं खरं नाही. हात मागं घेण्याआधी पळी थोडी कललीच. चार शितं तिच्या हातावर पडली. तिनं त्या शितांकडं बघितलं, मग माझ्याकडं, परड्यात कान धरून तू बघितलं होतंस तसं. मी ती बोटानं उचलून खाल्ली. मॅडमला यातलं काही सांगणार नाही.